नाशिक रोड स्टेशनबाहेरचा खर्च: आधी हद्द मोजा, मग ठराव करा

जेल रोडला राहणाऱ्या, पंचवटी एक्स्प्रेसच्या एका पासधारक वाचकाचा प्रश्न आहे. नाशिक रोड स्टेशनबाहेरचा परिसर सुधारण्यासाठी महापालिकेने पैसे द्यावेत का? त्यांच्या प्रभागात यावर दोन मतं ऐकू येतात. एक नगरसेवक म्हणतात, जागा रेल्वेची, तिकिटाचे पैसे रेल्वेला, पार्किंगचा ठेका रेल्वेचा, मग आमच्या घरपट्टीला हात का? दुसरे म्हणतात, सिंहस्थ तोंडावर आलाय, देशभरातले लोक इथेच उतरणार, अब्रू जाईल ती नाशिकची. यात बरोबर कोण, असं त्यांनी विचारलंय.

माझी नोकरी महापालिकांच्या बांधकाम खात्यांत गेली. रस्ते, फुटपाथ आणि गटारांची अंदाजपत्रकं करायची, आणि त्यातली बरीच कामं स्टेशनांच्या आसपासची. माझ्या मते दोघंही खरं बोलतात, पण दोघं वेगवेगळ्या जमिनीबद्दल बोलतात. महासभेत हा विषय आला की तास दोन तास भाषणं होतात. पण कुठल्या जागेवरचा खर्च चाललाय हे नकाशावर बोट ठेवून कुणी दाखवत नाही, त्यामुळे विषय तहकूब होतो किंवा गोंधळात मंजूर होतो. दोन्हींत तोटा चालणाऱ्याचाच.

आधी जमीन बघू. फलाट एकवरून बाहेर आलात की पोर्च, रिक्षांची रांग, वाहनतळ. या सगळ्या आवाराला रेल्वेवाले सर्क्युलेटिंग एरिया म्हणतात. ते मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाच्या ताब्यात. बसस्थानक एसटी महामंडळाचं. बिटको चौकाकडे, मुक्तिधामकडे जाणारे रस्ते महापालिकेचे. आणखी थोडं पुढे गेलं की पुणे महामार्ग, तिथे चौथीच यंत्रणा. हातात बॅग आणि कडेवर पोर घेऊन निघालेल्या माणसाला पंधरा मिनिटांत चार मालकांच्या हद्दींतून जावं लागतं, आणि त्याला मात्र हे सगळं ‘स्टेशन’च वाटतं.

यातला खरा घोळ असतो तो दोन हद्दी जुळतात तिथे. कुठल्याही स्टेशनबाहेर जाऊन बघा. रेल्वेचे पेव्हर ब्लॉक जिथे संपतात तिथून पालिकेचं डांबर सुरू होतं. पालिका दर काही वर्षांनी डांबरीकरण करते आणि जुना थर खरवडून काढण्याचा खर्च वाचवते, म्हणून थरावर थर चढतो आणि रस्ता वर येत जातो. आवार आहे तिथेच राहतं. मग जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला रस्त्यावरचं पाणी आवारात उतरतं, आणि नेमकं त्या सांध्यावर घोटाभर डबकं होतं. तिथल्या गटाराचं झाकण तुटलेलं असतं. झाकण रेल्वेचं, गटार पुढे पालिकेच्या नाल्याला मिळतं, म्हणजे साफ कुणी करायचं यावर पत्रव्यवहार. कुणीतरी भलेपणाने त्यावर फरशीचा तुकडा ठेवतो. चाकांची बॅग त्या तुकड्याला अडते, माणूस बाजूला होतो आणि थेट रिक्षाच्या पुढ्यात येतो. हे दुरुस्त करायला कोटी लागत नाहीत. थर खरवडणं, उतार जुळवणं, दोन चेंबर नव्याने बांधणं, बस. पण हे काम कुणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही, कारण ते दोघांचं आहे.

म्हणून माझा आग्रह असतो की ठरावाआधी संयुक्त मोजणी. रेल्वेचा जमिनीचा नकाशा, भूमी अभिलेख कार्यालयाचा सिटी सर्व्हेचा नकाशा आणि महापालिकेची विकास योजना, हे तिन्ही कागद एका टेबलावर मांडायचे. ते सहसा जुळत नाहीत. मग दोन्हीकडचे अभियंते आणि भूकरमापक जागेवर जातात, रेल्वेने हद्दीला उभे गाडलेले रुळाचे तुकडे शोधतात (एखादा टपरीच्या मागच्या भिंतीत सापडतो), आणि रंगाने रेघ मारून त्या नकाशावर दोघांच्या सह्या होतात. काम कंटाळवाणं आहे, त्याचं भूमिपूजन होत नाही, फोटोही येत नाही. पण या रेघेवरच अर्धा वाद मिटतो.

रेघ मारली की कायदा काय म्हणतो ते सोपं होतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत: सार्वजनिक रस्ते बांधणं आणि राखणं, दिवे, गटारं, झाडलोट, रस्त्यातले अडथळे काढणं. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं. रेघेच्या बाहेर, म्हणजे पालिकेच्या रस्त्यावर, ‘निधी द्यावा का’ हा प्रश्नच उद्भवत नाही. स्टेशनचा रस्ता आहे म्हणून तो कमी सार्वजनिक होत नाही. तिथला फुटपाथ, दिवे आणि स्वच्छतागृह रेल्वेने करावं असं म्हणणारा नगरसेवक आपलंच काम दुसऱ्याच्या दारात टाकतोय. रेघेच्या आत मात्र पैसे द्यायला नको म्हणणाऱ्या पहिल्या नगरसेवकाचं म्हणणं रास्त आहे. तिथला खर्च ऐच्छिक, तोही दुसऱ्याच्या मालमत्तेवर. तो करायचाच तर ठरावात कारण, करार आणि देखभालीची जबाबदारी लिहिलेली हवी. नाहीतर उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. शिवाय ठराव कायद्याशी विसंगत वाटला तर कलम ४५१ खाली तो विखंडित, म्हणजे रद्द, करण्याचा अधिकार शासनाला आहे.

रेल्वेच्या जागेत पालिकेच्या पैशाने काम होतं ते बहुधा डिपॉझिट वर्क म्हणून. म्हणजे रेल्वे अंदाजपत्रक करते, त्यावर देखरेखीचा आकार लावते, पालिका रक्कम आधी भरते, काम रेल्वे करते आणि मालमत्ता रेल्वेचीच राहते. पुढच्या देखभालीची रक्कमही पैसे भरणाऱ्याकडून एकरकमी घेण्याची पद्धत आहे. महासभेत ही गोष्ट क्वचित सांगितली जाते. विषयपत्रिकेवर फक्त आकडा असतो, आणि त्यात देखभाल आहे की नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही. विचारा.

इथे दोन जुनी उदाहरणं उपयोगी पडतात. ठाण्यात स्टेशनच्या पश्चिमेला महापालिकेने सॅटिस, म्हणजे स्टेशन परिसरातली वाहतूक सुधारण्याचा प्रकल्प, उभारला. बस वरच्या डेकवर, रिक्षा आणि खासगी गाड्या खाली. त्यावर टीका भरपूर झाली, खालचा अंधार आणि कोंडी यावर आजही होते, पण बसने येणारा माणूस रस्ता न ओलांडता फलाटाकडे जातो, हे मान्य करावं लागेल. दुसरं उदाहरण मुंबईच्या स्कायवॉकचं. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८ पासून स्टेशनांना जोडून ते उभारले आणि नंतर देखभालीसाठी महापालिकांच्या गळ्यात घातले. त्यातला पहिला, वांद्रे पूर्वेचा, अखेर पाडावा लागला आणि नव्याने बांधायला घ्यावा लागला. बांधताना पैसा एकाचा आणि राखताना दुसऱ्याचा, असं असलं की असंच होतं. आपल्याकडेही अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा सुमारे १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड होईपर्यंत लोकांनी किती धूळ खाल्ली, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

आता ‘आमच्या घरपट्टीतून का’ याचं आणखी एक उत्तर, जे मला महासभेत ऐकायला आवडेल. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५ मुळे केंद्राच्या मालमत्तेवर महापालिकेला मालमत्ता कर लावता येत नाही, आणि रेल्वे अधिनियम, १९८९ चं कलम १८४ रेल्वेला स्थानिक करांपासून संरक्षण देतं. पण सेवाशुल्क ही वेगळी गोष्ट आहे. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये जे ठरलं, त्यानुसार केंद्राच्या मालमत्तांनी पालिकेच्या सेवा पूर्ण वापरल्या तर मालमत्ता कराच्या ७५ टक्के, अंशतः वापरल्या तर ५० टक्के आणि वापरल्याच नाहीत तरी एकतृतीयांश इतकं शुल्क द्यायचं आहे. तेव्हा रेल्वेवर चिडणाऱ्या नगरसेवकाने भाषणाऐवजी एक लेखी प्रश्न टाकावा: नाशिक रोड विभागातल्या रेल्वे मालमत्तांवर सेवाशुल्काची मागणी किती, वसुली किती, थकबाकी किती? ती रक्कम स्टेशन परिसरासाठी राखून ठेवण्याचा ठराव करता येतो. मग सातपूरच्या किंवा सिडकोच्या नगरसेवकालाही ‘आमचे पैसे तिकडे का’ म्हणायला जागा राहत नाही. हा सूरही नवा नाही. नाशिक, सातपूर आणि नाशिक रोड-देवळाली या नगरपालिका एकत्र करून १९८२ मध्ये महापालिका झाली, तेव्हापासून नाशिक रोडकर सावत्रपणाची तक्रार करतात आणि बाकीचे ‘त्यांना स्टेशन आहे की’ म्हणतात. स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर ठेवलं ते ब्रिटिशांनी, त्याची किंमत सगळ्या शहराने आजवर मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेन रोडपासून स्टेशनपर्यंत ट्रॅम घातली होती ती याच कारणाने. गंगापूर रोडचा माणूस हे स्टेशन वापरतो, पंचवटीचाही वापरतो. ही सोय एका प्रभागाची समजणं चूकच.

सिंहस्थाबद्दल. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, आणि २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्य स्नानं. त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे, राज्याचा पैसा आहे, रेल्वेचा वेगळा आहे, अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीतही नाशिक रोड आहे. इतक्या निधीत महापालिकेने स्टेशनच्या दर्शनी भागावर आपले पैसे ओतण्यात मला अर्थ दिसत नाही. अब्रूचा मुद्दा तर मला नेहमीच पोकळ वाटतो. पाहुण्यांसाठी रंगवलेली भिंत पाहुणे गेले की आपलीच असते, आणि तिच्याखाली कचरा साठतो.

पण गर्दीचा मुद्दा पोकळ नाही. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, हे नाशिक विसरू शकत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ गेली. तिथे पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थांबून राहिले आणि मागून लोकलचे लोंढे येत राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली स्टेशनवर १८. फलाट कितीही रुंद केला तरी माणसं जिथून बाहेर पडतात ते तोंड बंद असेल तर गर्दी मागे साठत जाते, आधी आवारात, मग पुलावर, मग जिन्यावर. आता नाशिक रोडचं तोंड बघा. गाडी आली की रिक्षावाले प्रवासी घेण्यासाठी पुढे सरकतात, दुचाकीवर आणायला आलेले लोक दारातच उभे राहतात, सिटीलिंक या शहर बससेवेची बस वळायला जागा शोधते. या तोंडाचा बराचसा भाग रेघेच्या बाहेर आहे, म्हणजे महापालिकेचा. पालिकेने सिंहस्थासाठी स्टेशनजवळ एकच काम करायचं म्हटलं, तर मी हेच करीन: बाहेर पडणाऱ्या माणसाला बसस्थानकापर्यंत आणि सिटीलिंकच्या थांब्यापर्यंत एकही गाडी आडवी न येता चालता यावं. दुसरं करता आलं तर सिन्नर फाट्याच्या बाजूचं प्रवेशद्वार. तिकडून येणाऱ्यांना नीट रस्ता, दिवे आणि बस मिळाली तर बिटकोच्या बाजूचा भार आपोआप कमी होतो. नगरसेवकांना हे पटवणं अवघड जातं, कारण त्या बाजूला मतं कमी आणि फलक लावायला जागा कमी.

फेरीवाल्यांचा प्रश्न टाळून स्टेशनबाहेर काहीच करता येत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समितीतलं प्रतिनिधित्व असे हक्क दिले. पण रेल्वे अधिनियमाखालच्या रेल्वेच्या जमिनीला तो कायदा लागू नाही, हे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय. म्हणजे आपण मारलेल्या त्या रेघेच्या अलीकडे उभा वडापाववाला कायद्याच्या संरक्षणात, पलीकडचा रेल्वे पोलिसांच्या मर्जीवर. आरपीएफने (रेल्वे सुरक्षा दलाने) आतून हाकललं की तो दोन पावलं बाहेर येतो आणि पालिकेचा प्रश्न होतो. अतिक्रमणची गाडी आली की परत आत. मुंबईबाबत उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्टेशनपासून १५० मीटरच्या आत विक्रीला मनाई केली, त्याचा दाखला इकडेही दिला जातो. हटवायचं तर कुठे बसवणार हे पथविक्रेता समितीत आधी ठरवा. रात्री साडेनऊ-दहाला पंचवटी एक्स्प्रेसमधून उतरलेल्या माणसाला चहा आणि पोहे लागतात, तो विकणारा कुठेतरी उभा राहणारच. त्याची जागा नकाशात काढली नाही तर तो नव्या फुटपाथवर उभा राहील आणि मग म्हणायचं की फुटपाथ वाया गेला.

अंदाजपत्रक हातात आलं तर काय बघायचं? ‘सुशोभीकरण’ या शब्दाखाली किती रक्कम आहे ते आधी. कारंजं, रंगीत दिव्यांचे खांब, सेल्फी पॉइंट, मोठाली अक्षरं. कारंज्याचा पंप एका पावसाळ्यानंतर बंद पडतो, हे मी भाकीत म्हणून सांगत नाही, ठेकेदारच सांगतात. फुटपाथची मोकळी रुंदी बघा. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं किमान १.८ मीटर मागतात, बाजारपेठेत त्याहून जास्त, आणि ही रुंदी झाडं, खांब, विजेचे डीपी बॉक्स वगळून. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. नाशिकमध्ये ती इतकी वाढवून ठेवतात की म्हातारी माणसं खालूनच चालतात. पेव्हर ६० मिलिमीटरचे आहेत की ८० चे, हे विचारा. ६० चे मुख्यतः चालण्यासाठी. रिक्षा किंवा टेम्पो एकदा जरी वर चढणार असेल तर ८० चेच हवेत, नाहीतर वर्षभरात ब्लॉक नाचायला लागतात. बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायला लावलेले बुटके खांब, त्यांच्यामधलं अंतर साधारण १.२ मीटर ठेवलं तर व्हीलचेअर जाते आणि रिक्षा अडते, कारण रिक्षाची रुंदी १.३ मीटरच्या आसपास असते. दुचाकी मात्र घुसतेच, त्यावर अभियंत्याकडे उपाय नाही, वाहतूक पोलिसाकडे आहे. आणि स्वच्छतागृह. बायकांसाठीचं, चोवीस तास उघडं, पाणी असलेलं. आत रेल्वेचं आहे म्हणून बाहेर नको, हा युक्तिवाद करणाऱ्यांनी रात्री बसची वाट बघत उभ्या असलेल्या बाईला तो ऐकवावा.

पैसे कुठून, यावर थोडक्यात. रस्ते-फुटपाथचं नेहमीचं लेखाशीर्ष आहेच. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिक आहे, त्यातून रस्त्याकडेची उघडी माती झाकण्याची, धूळ कमी करणारी कामं बसवता येतात. जिल्हा नियोजन समिती आहे, खासदारांचे वर्षाला ५ कोटी आहेत. खरी अडचण रक्कम मिळण्याची नसते, दायित्वाची असते. आधीच्या वर्षांत मंजूर झालेल्या कामांची देणी डोक्यावर असताना नवं काम घेतलं की बिलं रखडतात, ठेकेदार अर्ध्यात थांबतो, आणि स्टेशनबाहेर खोदलेला खड्डा पावसाळाभर तसाच राहतो. म्हणून स्थायी समितीत विचारायचं ते हे, की या कामाला याच वर्षी रोख तरतूद आहे का, आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने फुकट दुरुस्ती करायची मुदत, संपल्यावर झाडलोट, दिवे, दुरुस्ती कोणत्या लेखाशीर्षातून होणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नंतर बघू’ असेल तर मी त्या ठरावाच्या विरोधात मत देईन, काम कितीही चांगलं असलं तरी.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महासभा आणि स्थायी या दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे गेले होते. त्या काळात हे प्रश्न विचारायला सभागृहात कुणी नव्हतं. कागद मात्र तेव्हाही तयार होत होते आणि ते मागता येतात.

तेव्हा प्रश्नकर्त्यांना माझा सल्ला. माहिती अधिकाराचे दोन अर्ज करा, प्रत्येकी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एक महापालिकेच्या नाशिक रोड विभागीय कार्यालयाला: स्टेशन परिसरातल्या हद्दीचा रेल्वेबरोबरचा संयुक्त मोजणी नकाशा, सेवाशुल्काच्या मागणीची आणि वसुलीची माहिती, आणि प्रस्तावित कामाचं अंदाजपत्रक दरपत्रकासह. दुसरा भुसावळच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापक कार्यालयाला: आवाराचा नकाशा, वाहनतळाच्या ठेक्याच्या अटी आणि महापालिकेशी या जागेबाबत झालेला करार किंवा पत्रव्यवहार. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून तो घरबसल्या होतो. दोन्ही उत्तरं आली की प्रती तुमच्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांना द्या, विरोधातल्याला आधी. मोजणी झालेली नाही असं उत्तर आलं तर तेही चालेल. तेवढाच एक विषय, ‘संयुक्त मोजणी करून घेणे’, विषयपत्रिकेवर आणायला सांगा. त्याला जवळपास काही खर्च नाही, त्यामुळे विरोध करायला कुणाला फारसं कारणही सापडणार नाही.